शाळेची बस यायची बंद होते तेव्हा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाच्या घरी पहिले पंधरा दिवस सुटीसारखे जातात. मग एका सकाळी तो नेहमीप्रमाणे आंघोळ करून, दप्तर पाठीला लावून पायरीवर बसतो, आणि बस येत नाही. शाळा संपली हे त्याला सांगितलेलं असतं. निरोप समारंभात हार घातलेला असतो, फोटोही काढलेला असतो. पण 'संपली' म्हणजे उद्याही नाही आणि परवाही नाही, हे त्याला शब्दांतून कळलेलं नसतं. ते पायरीवर बसल्यावर कळतं.

पुढच्या तीन-चार महिन्यांत जे घडतं ते जवळपास प्रत्येक घरात सारखंच. सकाळी उठायची घाई नाही म्हणून झोप पुढे सरकते, रात्री दोनपर्यंत मोबाइल चालतो, दुपारी बारापर्यंत अंथरूण. वजन वाढतं. शाळेत स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणं लावणारा मुलगा घरी आईसमोर हात पसरून उभा राहतो, कारण आईला ते काम वीस सेकंदांत उरकतं आणि त्याला चार मिनिटं लागतात. दहा वर्षं खपून बसवलेली सवय अशी चार मिनिटं वाचवण्यात जाते. आईची चूक काढण्यात अर्थ नाही. तिच्या पदरात सगळा दिवस येऊन पडलेला असतो आणि तो भरायला दुसरं कुणीच नसतं.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. गोव्यात त्यासाठी बरीच उभारणी झालेली आहे. पर्वरीचं संजय स्कूल, ढवळी-फोंड्याचं लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीची केशव सेवा साधना, जुने गोव्याची सेंट झेवियर अकादमी ही नावं ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना पाठ असतात. पण कायद्यातला आकडा अठराला थांबतो, आणि माणूस त्यापुढे पन्नास-साठ वर्षं जगतो. ती वर्षं भरून काढण्याचं काम सेवाभावी संस्थांच्या प्रौढ केंद्रांवर येतं. हे केंद्र कसं असावं याबद्दल आमचं एकच ठाम म्हणणं आहे: त्याला केंद्रात काय करता येतं यापेक्षा केंद्र बंद असलेल्या दिवशी घरी काय करता येतं, ते पाहावं.

प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी तपासणीची सूची भरतात. बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची, जी १९८४ साली सुरू झाली, एफएसीपी नावाची सूची आपल्याकडच्या विशेष शिक्षकांच्या हातातली आहे. त्यात प्रत्येक कामापुढे नुसतं येतं-येत नाही असं लिहायचं नसतं. खुणेने करतो का, सांगितल्यावर करतो का, हाताला हात लावल्यावर करतो का, की आपणहून करतो, हे वेगवेगळं नोंदवायचं असतं. केंद्राचं सगळं काम या नोंदींमध्ये एकेक पायरी सरकण्याचं आहे. हाताला हात, मग फक्त कोपराला स्पर्श, मग शब्द, मग नुसती नजर, मग काहीच नाही. होतं असं, की नोंद 'सांगितल्यावर करतो' इथे येऊन थांबते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. कारण 'हात धू' म्हणायला बाईंना काही कष्ट पडत नाहीत. मग त्या दोन शब्दांशिवाय तो नळाकडे जातच नाही. शब्द हाही टेकूच, आणि तो काढणं सगळ्यांत अवघड, कारण तो दिसत नाही. त्यावर उपाय आहे: सूचना द्यायच्या आधी मनात दहा अंक मोजायचे. दहा अंक फार लांब वाटतात. पण निम्म्या वेळा सातव्या-आठव्या अंकाला हात नळाकडे जातो.

पंधरा जणांच्या केंद्राला दोन प्रशिक्षक आणि एक मदतनीस हे कमीत कमी. त्याहून कमी माणसं असली की मोकळा वेळ वाढतो, आणि मोकळ्या वेळातच भांडणं, स्वतःला चावणं, दाराबाहेर निघून जाणं हे सगळं होतं. भिंतीवर दिवसाचं चित्रफलक हवं: उजळणी, काम, चहा, काम, जेवण, भांडी, बाजार, घर. झालेलं चित्र ज्याचं त्याने काढून खालच्या खोक्यात टाकायचं. फलक प्रशिक्षकाने बदलला तर ती भिंतीची सजावट होते.

कामाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. बहुतेक केंद्रं कागदी पिशव्या, मेणबत्त्या, रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील करतात. चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी आणि नाताळ यांच्या मागण्या ऑगस्ट ते डिसेंबर एकावर एक येतात, आणि जानेवारीपासून टेबलं रिकामी. मोठी मागणी आली की पूर्ण कोण करतं? रात्री जागून प्रशिक्षक आणि पालक. गिऱ्हाईक पणती घेतं ते दयेपोटी, आणि पुढच्या वर्षी त्याची दया दुसरीकडे वळते. यापेक्षा वर्षभर चालणारं साधं काम बरं. हॉटेलातले टॉवेल आणि चादरी घड्या करणं, नर्सरीत रोपांच्या पिशव्या मातीने भरणं, दुकानासाठी कडधान्य निवडून पुडे बांधणं. हॉटेलचं काम मात्र हंगामाचं असतं. पावसाळ्यात पर्यटक कमी झाले की सगळ्यांत आधी यांना 'थोडे दिवस घरी थांबा' सांगतात, म्हणून इस्पितळाची किंवा वसतिगृहाची धुलाई मिळाली तर ती आधी घ्यावी.

आणि मोजता येत नाही म्हणून काम येत नाही, हे खरं नाही. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे तीस खणांचा असतो. प्रत्येक खणात एक पणती, ट्रे भरला की तीस झाल्या, खोक्यात ओतायच्या. इथे अंक कुठेच येत नाही. पाव किलोचा पुडा करायचा तर आकडे दाखवणाऱ्या काट्यापेक्षा जुना तराजू बरा: एका पारड्यात वजन, दुसऱ्यात मूग, दांडी सरळ झाली की थांब. घडी घालायला टॉवेलच्या मापाची फळी, तिच्यावर दोन रंगीत पट्ट्या. अशा साच्यांवर घालवलेला एक दिवस सहा महिन्यांची शिकवणी वाचवतो. मात्र साचा एकाच खोलीत, एकाच टेबलावर वापरला तर काम त्या टेबलालाच चिकटतं. तीच घडी घरच्या पलंगावर घालता येत नाही. म्हणून दुसरा साचा करून घरी द्यावा.

पैशांची सुरुवात दुकानापासून करू नये. गोव्यात त्यासाठी पोदेर, म्हणजे पाववाला, आहे. तो ठरलेल्या वेळी दारात येतो, सायकलचा भोंगा हीच सूचना, रोज तेवढेच पाव, रोज तेवढेच पैसे. सुटे पैसे आदल्या रात्री मोजून डबीत ठेवायचे. पहिल्या महिन्यात फक्त डबी देणं आणि पाव घेणं. पोदेर ओळखीचा झाला की डबीत मुद्दाम थोडे जास्त पैसे ठेवायचे आणि उरलेले परत घ्यायला थांबायला शिकवायचं. 'परत मिळेपर्यंत थांबणं' ही पैशांच्या व्यवहारातली पहिली खरी पायरी. नाणी ओळखणं तिच्या कितीतरी नंतर येतं. आता मोबाइलने पैसे देण्याची सवय घरोघरी झाल्यामुळे सुटे पैसे हाताळताना मूल कुणाला पाहतच नाही, म्हणून ही डबी घरातल्या इतरांनीही त्याच्यासमोर वापरावी.

सगळ्यांत जास्त वेळ बसला द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा. ज्याला बस पकडता येते त्याचा दिवस दुसऱ्याच्या स्कूटरवर अवलंबून राहत नाही. खासगी बसमध्ये चढणं म्हणजे आपल्याला एक कृती वाटते. तिचे तुकडे केले तर तेरा-चौदा होतात: थांब्यावर कडेला उभं राहणं, आपली बस ओळखणं, हात करणं, उतरणाऱ्यांना वाट देणं, दांडा धरून चढणं, 'फाटीं वच' ऐकल्यावर मागे सरकणं, कंडक्टरला पैसे देणं, उरलेले घेणं, खूण ओळखणं, वेळेवर उठणं, कंडक्टरला सांगणं, उतरणं, बस निघून जाईपर्यंत कडेला थांबणं, मग रस्ता ओलांडणं. यातली धोक्याची जागा चढण्याची नाही. थांबलेल्या बसच्या पुढून रस्ता ओलांडण्याची आहे, कारण मागून येणारी गाडी ना त्याला दिसते, ना त्या गाडीला तो. म्हणून शिकवायला शेवटून सुरुवात करायची. पहिले दोन आठवडे बाकी सगळं प्रशिक्षकाने करायचं आणि फक्त उतरणं, थांबणं, ओलांडणं एवढंच त्याच्याकडून. ते पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी. अशाने दर दिवशी शेवट त्याच्या हातून यशस्वी होतो, आणि घरी सांगायला काहीतरी असतं.

मग मागे हटणं. प्रशिक्षक आधी शेजारच्या आसनावर, मग दोन आसनं मागे, मग बसच्या शेवटी, मग बसमध्ये नाहीच, स्कूटरवरून बसच्या मागे. पुढे फक्त उतरायच्या थांब्यावर उभं राहणं, आणि शेवटी पोचल्याचा एक फोन. रोज एक फेरी धरली तर याला दोन-तीन महिने लागतात, काहींना सहा. घाई केली तर एखाद्या दिवशी तो चुकीच्या जागी उतरतो, घाबरतो, घरचे हाय खातात आणि बस कायमची बंद होते. म्हणून चुकणंही शिकवावं लागतं. पुढच्या थांब्यावर मुद्दाम उतरवायचं, प्रशिक्षक जवळच, आणि आता काय करायचं ते करून दाखवायचं: कडेला उभं राहा, खिशातलं कार्ड काढ, दुकानदाराला दाखव. कार्ड खिशातच असावं. गळ्यात अडकवलेलं कार्ड, हा माणूस फसवायला सोपा आहे, हे अख्ख्या बसला सांगतं.

खुणांचा एक गोवेकरी घोटाळा आहे. फोंड्याहून जुने गोव्याकडे जाताना म्हार्दोळ, मंगेशी, भोम, बाणस्तारीचा पूल अशा खुणा एप्रिलमध्ये छान बसतात. जूनमध्ये पाऊस लागला की खिडक्या बंद, काचांवर वाफ, बाहेर पांढरं धुकट. दोन महिने बिनचूक जाणारा तरुण पहिल्याच पावसात पुढे निघून जातो, आणि घरचे म्हणतात, विसरला. तो विसरलेला नसतो, त्याला खूण दिसलेली नसते. खुणा निवडताना अंगाला कळणाऱ्या खुणा घ्याव्यात: चढणीला इंजिनाचा बदललेला आवाज, पुलावरचा जोड ओलांडताना बसणारा धक्का, मोठं वळण. आणि सगळ्या ऋतूंत टिकणारी खूण म्हणजे कंडक्टरला चढतानाच गावाचं नाव सांगणं किंवा कार्ड दाखवणं. त्या मार्गावरच्या कंडक्टरांना केंद्राने आधीच भेटावं. ते सांभाळून घेतात, फक्त त्यांना माहीत असायला हवं. माणूस बदलला की पुन्हा भेटावं, इथेच सगळे चुकतात.

भाषेचा प्रश्न गोव्यात जितका रोजचा आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल. घरी कोंकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, दूरचित्रवाणीवर हिंदी. मूल उशिरा बोलायला लागलं की कुणीतरी सल्ला देतं: घरात एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी. मग इंग्रजी तुटक येणारी आजी नातवाशी बोलायचीच बंद होते. दोन भाषा कानावर पडल्याने डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आजी गप्प झाल्याने मात्र नक्की मागे पडतं. न बोलणाऱ्यांसाठी चित्रफलक करताना 'उदक' लिहायचं की 'पाणी' की 'वॉटर', यावर शिक्षक आणि पालक अडून बसतात. चित्र तेच ठेवा, म्हणजे झालं. खालचा शब्द वाचणार आहे ते फलक समोर धरणारं माणूस, म्हणून घरच्या फलकावर घरचा शब्द. चित्र इंटरनेटवरच्या रंगीत पेल्याचं नको, त्याच्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्याचा फोटो हवा.

आणि फलकावर पहिला शब्द कोणता? बहुतेक ठिकाणी पाणी, जेवण, शौचालय. ते हवेतच. पण सर्वांत आधी 'नाका', म्हणजे कोंकणीतलं 'नको', हवा. ज्याच्याकडे नकाराला शब्द नाही त्याचा नकार ताट भिरकावण्यातून येतो, मनगट चावण्यातून येतो, आणि आपण त्याला वर्तनसमस्या म्हणून वहीत लिहितो. 'नाका'चं चित्र दाखवलं की हातातलं काम लगेच बाजूला घ्यायचं, निदान सुरुवातीच्या महिन्यात दर वेळी. मग तो सगळ्यालाच नाही म्हणेल, ही भीती वाटते. काही दिवस म्हणतोही. त्यानंतर नकार खरा होतो, आणि होकारही.

सणांची तयारी आधीपासून लागते. दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचे ध्वनिवर्धक आणि पहाटेचे फटाके, शिगम्याचे ढोल-ताशे, चवथीला घरात अचानक भरलेले वीस पाहुणे. ज्याचे कान तीव्र आहेत त्याला हे दुखतं, अक्षरशः दुखतं. आठ दिवस आधीपासून दिनदर्शिकेवर खूण, त्या आवाजाचं ध्वनिमुद्रण बारीक आवाजात रोज थोडं, कान झाकायची साधनं, आणि गर्दीत जाण्यापूर्वी ठरलेली निघायची खूण. माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं, काम मात्र याच मंडळींना द्यावं. फळं वेगळी काढणं, देठांना दोरा बांधणं, एकेक हातात देणं, यात घाई नसते आणि घरातलं कुणीतरी शेजारी असतंच.

तीस वर्षांच्या माणसाला 'बाळ' म्हणणं बंद करावं. हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा नाही. ज्याला सगळे बाळ म्हणतात त्याला कुणीही कुठेही हात लावतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शरीराबद्दलचं शिक्षण केंद्राच्या वेळापत्रकात लेखी असावं: दार लावून करायच्या गोष्टी कोणत्या, कपडे बदलताना मदत कोण करू शकतं, नको असलेल्या स्पर्शाला काय करायचं. पाळीचं शिक्षण पाळी येण्याआधी, पॅडवर लाल रंग टाकून, बदलणं-गुंडाळणं-टाकणं-हात धुणं असं क्रमाने, केंद्रातल्या आणि घरातल्या अशा दोन्ही न्हाणीघरांत.

प्रकृतीचं थोडक्यात. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डाउन सिंड्रोम असलेल्यांची थायरॉइड तपासणी दर वर्षी, आणि मानेच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांट्या नाहीत. चाळिशीत कुणी मंदावलं, हसेनासं झालं, तर 'आता वय झालं' म्हणून सोडू नये. थायरॉइड, कान, झोपेतला श्वास, उदासी हे तपासून मगच स्मृतिभ्रंशाचा विचार. तो त्यांना इतरांपेक्षा लवकर येतो हेही खरं आहे.

कागदांची कामं आईवडील धडधाकट असतानाच करायची. मूल अठराचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे, त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, पण नूतनीकरणाची तारीख दर वर्षी हातातून निसटते. केंद्राने सगळ्यांच्या तारखा एका वहीत ठेवाव्यात. गोव्यात आणखी एक गोष्ट आहे. इथल्या वारसा कायद्यात आईबापांना आपल्या वाट्याच्या अर्ध्या भागापुरतंच मृत्युपत्र करता येतं. उरलेला अर्धा मुलांचा हक्काचा, त्यात हे मूलही आलं. 'सगळं धाकट्याच्या नावे करतो, तो बघेल भावाला' हे इथे चालत नाही. चालू नये हेच बरं. पण पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या कामाच्या, वेळी या मुलाच्या वतीने सही कोण करणार, हे ठरलेलं नसेल तर सगळ्या घराचं काम अडतं आणि राग त्याच्यावर निघतो.

आमच्यानंतर याचं काय, हा प्रश्न सगळे आईवडील विचारतात, बहुतेक निघताना, दारात चप्पल घालताना. त्याला एकदम उत्तर देता येत नाही. एका रात्रीचं उत्तर देता येतं. ज्या केंद्राकडे दोन खोल्या आणि रात्री थांबणारं विश्वासाचं माणूस आहे, त्याने महिन्याला एक मुक्काम सुरू करावा. घरात मरण आलेलं असताना पहिल्यांदा बाहेर झोपणं, यासारखा अन्याय नाही. म्हणून ते आधी, साध्या दिवशी, सगळं नीट असताना. पहिला मुक्काम शुक्रवारी, म्हणजे सकाळी घ्यायला येणाऱ्या आईबापांना कामावर जायची घाई नसते. रात्री फोन करायचा की नाही ते आधी ठरवायचं, आणि ठरलं ते पाळायचं. पिशवीत दोन जोड कपडे, औषधं नाव आणि वेळ लिहिलेल्या पाकिटांत, त्याचा पेला, घरच्यांचा एक फोटो, सकाळी येणाऱ्या गाडीचं चित्र, आणि रोजची उशी. उशीचा अभ्रा धुऊन देऊ नये. घरचा वास त्या रात्रीपुरता राहू द्यावा.